शेत ज्याचं त्याचं, बांध सगळ्यांचा: को-वर्किंगचं गणित सोप्या भाषेत

चवथीच्या नेवऱ्या करायला शेजारची काकी आमच्याकडे आली होती. ती पाऱ्या लाटत होती, मी सारण भरून कडा दाबत होते. मध्येच लाटणं थांबवून म्हणाली, ‘‘कितें गो, घरांत इतली व्हडली वसरी आसतना पयशे दिवन भायर बसपाक वता?’’

प्रश्न बिनतोड होता. डिचोलीतलं आमचं घर जुनं, ऐसपैस. वसरीवर दहा माणसांची पंगत सहज बसेल. आणि मी, एकटीने अनुवादाची कामं करणारी बाई, आठवड्यातले तीन दिवस कदंबची बस धरून पणजीला जाते आणि महिन्याचे पैसे मोजून तिथल्या एका को-वर्किंगमध्ये, म्हणजे अनेकांनी वाटून वापरायच्या ऑफिसात, एका खुर्चीत बसते. त्या दिवशी काकीला धड उत्तर देता आलं नाही. हात सारणाने बरबटले होते आणि तेल तापलं होतं. राहिलेलं उत्तर आता देते.

विषय तसा काकीपुरता नाही. २०२२ साली मोरजी आणि आश्वेच्या किनाऱ्यावर को-वर्किंगच्या जागा करण्याची घोषणा गोवा सरकारने केली, तेव्हा आमच्या बसमध्ये त्यावर आठवडाभर थट्टा चालली होती. वाळूत कसलं ऑफिस, म्हणून. कोविडनंतर आसगाव, शिवोली, हणजूण भागातल्या जुन्या घरांवर पाट्या लागल्या. फणसाखाली लॅपटॉप, बाजूला महागडी कॉफी, गळ्यात हेडफोन. हे सगळं भायल्यांचं, म्हणजे बाहेरून आलेल्यांचं प्रकरण, असा समज त्यातूनच पक्का झाला. पण मी बसते तिथे माझ्या एका बाजूला जीएसटीची विवरणपत्रं भरणारा फोंड्याचा मुलगा असतो, समोर घरांचे नकाशे काढणारी सांग्याची मुलगी असते. समुद्र आमच्या खिडकीतून दिसत नाही. पार्किंग दिसतं.

आधी शब्दांचा घोळ मिटवू

को-वर्किंग म्हणजे वेगवेगळी कामं करणाऱ्या, एकमेकांशी धंद्याचा काही संबंध नसलेल्या माणसांनी एकाच कार्यालयाच्या सोयी वाटून वापरणं. टेबल, नेट, वीज, बैठकीची खोली, प्रिंटर, चहाची जागा हे सगळं एकत्र. काम, गिऱ्हाईक आणि कमाई मात्र ज्याची त्याची.

त्यातले प्रकार बसच्या सीटसारखे आहेत. ‘हॉट डेस्क’ म्हणजे आधी येईल त्याची खिडकी: रोज जी खुर्ची मोकळी असेल ती आपली. ठरलेलं टेबल म्हणजे रिझर्व्हेशन. केबिन म्हणजे खासगी गाडी केल्यासारखं, दार लावून घेता येतं. एका दिवसापुरतं बसायचं तर ‘डे-पास’. आणि ‘व्हर्च्युअल ऑफिस’ हा त्यातला सगळ्यात मजेशीर प्रकार: तिथे बसायचंच नसतं, फक्त पत्ता वापरायचा असतो.

आज ज्या अर्थाने हा शब्द चालतो, त्या अर्थाने त्याची सुरुवात २००५ साली सॅन फ्रान्सिस्कोत झाली असं मानतात. ब्रॅड न्यूबर्ग नावाच्या एका संगणक प्रोग्रामरला नोकरीतली शिस्त आणि सोबतही हवी होती आणि स्वतःच्या मर्जीने काम करण्याची मोकळीकही हवी होती. त्याने आठवड्यातून दोन दिवस एक जागा भाड्याने घेतली, टेबलं मांडली आणि वाट पाहत बसला. पहिला महिनाभर कुणी फिरकलं नाही.

मुळात वाटून घ्यायचं काय?

आपल्याकडची खाजन शेती आठवा. खाजन म्हणजे भरतीचं खारं पाणी बांध घालून अडवून राखलेली सखल जमीन. बांधात मानस, म्हणजे पाण्याची ये-जा राखणारी दारं असतात. भरतीचं पाणी चढलं की त्याच्या दाबाने मानशीची दारं मिटतात. ओहोटी लागली की ती उघडतात आणि शेतातलं जादा पाणी नदीत उतरतं. शेत ज्याचं त्याचं, भातही ज्याचं त्याचं. पण बांध एकट्याने राखता येत नाही, कारण तो एका जागी फुटला तरी खारं पाणी सगळ्यांच्या शेतात शिरतं. म्हणून बांध आणि मानस यांची निगा गावाने मिळून राखायची, अशी रीत पडली.

पगारदार माणसाच्या शेताचा बांध कंपनी घालते. लाईट गेली तर जनरेटर कंपनीचा, नेट बंद पडलं तर फोन करणारा माणूस कंपनीचा, भाडं थकलं तर घरमालकाशी बोलणारा कंपनीचा. स्वतंत्र काम करणारा नोकरी सोडतो त्या दिवशी पगाराबरोबर हा बांधही सोडतो, आणि बऱ्याच जणांच्या ते पहिल्या पावसापर्यंत लक्षात येत नाही. को-वर्किंगमध्ये खुर्चीचं भाडं हे निमित्त आहे. आपण भरतो ती बांधाची वर्गणी. एकट्याला न पेलणारी जोखीम चाळीस जणांत वाटून घेण्याची.

बांध फुटतो म्हणजे काय होतं

माझ्या लक्षात आलं ते एका जूनमध्ये. एका माहितीपटाच्या मराठी उपशीर्षकांची फाईल संध्याकाळी सहापर्यंत द्यायची होती. दुपारी पावणेचारला लाईट गेली. मला काळजी नव्हती, इन्व्हर्टर होता. राऊटरचे हिरवे दिवे मजेत लुकलुकत होते. नेट मात्र नव्हतं. छत्री घेऊन तिठ्यापर्यंत गेले, तर नेटवाल्याचा खांबावरचा डबा मेलेला. माझ्या घरात बॅकअप होता, त्या डब्याला नव्हता. कंपनीच्या नंबरवर रेकॉर्ड केलेली बाई ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’ एवढंच सांगत होती. मोबाईलच्या टॉवरवर सगळं गाव एकदम चढलेलं, त्यामुळे फाईल तीन टक्क्यांवर अडकून बसली. शेवटी भावाच्या स्कूटरच्या मागे बसून, लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून साखळीपर्यंत गेले आणि ओळखीच्या एका दुकानातून ती पाठवली. सात वाजून वीस मिनिटं. त्या गिऱ्हाइकाने पुन्हा काम दिलं नाही.

घरी एवढा बंदोबस्त करूनही घोटाळा झाला, मग वाटून घेतलेल्या जागेत वेगळं काय होतं? दोन गोष्टी. एक, जनरेटर. तो एकट्या अनुवादकाला परवडत नाही आणि शेजाऱ्यांना खपत नाही. दुसरी, नेटच्या दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोन लाईन. समजा प्रत्येक लाईन शंभरातले २ तास बंद असते. दोन्हींच्या बिघाडाचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही एकाच वेळी बंद असण्याची वेळ दहा हजार तासांत फक्त ४. एका जास्तीच्या लाईनने अडचण निम्मी होत नाही, पन्नासाव्या हिश्शावर येते.

यात ‘संबंध नसेल तर’ हे शब्द फार महत्त्वाचे आहेत. गोव्यात नेटच्या तारा बऱ्याचदा विजेच्याच खांबांवरून लोंबत येतात. दोन कंपन्यांच्या दोन तारा एकाच खांबावरून येत असतील आणि त्यावर माड आडवा झाला, तर दोन्ही एकदम जातात आणि वरचं सगळं गणित पाण्यात. त्यामुळे जागा पाहायला जाल तेव्हा ‘तुमच्याकडे किती एमबीपीएस?’ हा प्रश्न मागाहून विचारा. आधी विचारा की दोन लाईन आहेत का, आणि त्या वेगवेगळ्या वाटेने येतात का. उत्तर देणारा गोंधळला, तर तेही उत्तरच.

मग स्वतःचंच छोटं ऑफिस का घेऊ नये?

हा प्रश्न माझ्या वडिलांचा. त्यांची सगळी हयात दुकानात गेली, त्यामुळे ‘आपली जागा’ या शब्दांना त्यांच्या लेखी वेगळं वजन आहे.

अडचण भाड्याच्या रकमेपेक्षा भाड्याच्या मुदतीत आहे. गाळा घ्यायचा म्हणजे अनामत, फर्निचर, विजेची जोडणी, पंखे-एसी हे सगळं पहिल्याच महिन्यात. आणि माझी मिळकत कशी? एप्रिलमध्ये भरपूर, मे-जूनमध्ये ठणठणाट. खर्च घड्याळासारखा आणि कमाई पावसासारखी, हे दोन्ही एका घरात नांदत नाहीत.

घरमालकाच्या बाजूनेही बघायला हवं. गोव्यात १९६८ चा भाडे नियंत्रण कायदा आणि १९७५ चा मुंडकार (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्यांचा) कायदा यांनी राहणाऱ्याला, भाडेकरूला संरक्षण दिलं. ते तेव्हा गरजेचंच होतं. पण त्यातून ‘एकदा आत घेतला की बाहेर काढणं कठीण’ ही भीती मालकांच्या मनात घट्ट बसली. बंद घरं, कुलूपबंद गाळे आणि जागा शोधत फिरणारी तरुण मुलं हे तिन्ही एकाच गावात दिसतात, त्याच्या मुळाशी ही भीतीही आहे. अकरा महिन्यांच्या कराराची प्रथा याच सावधपणातून आली. वर्षाहून जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे, म्हणून एक महिना आधीच थांबायचं.

को-वर्किंगची मेंबरशिप ही सहसा भाडेपट्टा नसते, परवाना असतो. फरक साधा आहे. भाडेपट्ट्यात जागेवर तुमचा हक्क तयार होतो. परवान्यात फक्त तिथे बसण्याची परवानगी मिळते. पाहुण्याला आपण वसरीवर बसवतो, म्हणून वसरी त्याची होत नाही, तसं. कागदावर ‘परवाना’ लिहिलं की झालं असंही नाही. असोसिएटेड हॉटेल्सच्या खटल्यात १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की करारातल्या नावापेक्षा व्यवहाराचा खरा आशय पाहायचा, आणि जागेचा ताबा एकट्याकडे आहे का हे त्यात मोठं चिन्ह. हॉट डेस्कवर एकट्याचा ताबा कुठला? त्यामुळे मालक निर्धास्त असतो आणि मलाही महिन्याच्या नोटिशीवर सोडून जाता येतं. पण सुरी दोन्ही बाजूंनी कापते. मलाही महिन्याच्या नोटिशीवर उठवता येतं.

घरी काम जास्त होतं, असं संशोधनच सांगतं ना?

सांगतं. चीनमधल्या सीट्रिप या प्रवास कंपनीत निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० च्या अखेरीस नऊ महिन्यांचा प्रयोग केला. कॉल सेंटरमधल्या इच्छुक कर्मचाऱ्यांपैकी काहींना घरून काम दिलं, बाकीच्यांना ऑफिसात ठेवलं. घरून करणाऱ्यांचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. बातम्या इथेच थांबतात. पुढची गोष्ट अशी की प्रयोग संपल्यावर पुन्हा निवड करायला सांगितली, तेव्हा निम्म्याहून जास्त जणांनी आपला पर्याय बदलला. घरी बसलेल्यांची मोठी तक्रार होती एकटेपणाची. काम वाढूनही माणसं परत निघाली.

एकटेपणा हा शब्द मला जरा मोठा वाटतो. माझ्या घरी माणसं भरपूर. माझी तक्रार उलटी आहे. बाई घरात दिसली की ती रिकामी आहे असं घराला वाटतं. सिलिंडरवाला आला, मला हाक. मीटर बघायला आला, मला हाक. कुरिअर शेजारच्यांचं, सही माझी. ‘‘तू घराच आसा न्हय?’’ हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की त्याचं मराठी भाषांतर करायचं तर मी ‘तुझं काम खोटं आहे ना?’ असं करीन. आईने कधी मुद्दाम त्रास दिला नाही. पण मी बसमध्ये चढले की तिच्याही लेखी मी ‘कामाला गेले’, आणि त्या दोन शब्दांसाठी मी पैसे भरते म्हटलं तरी चालेल. पुरुषांना हे थोडं कमी लागू पडतं. अगदीच पडत नाही असं नाही.

आता दुसऱ्यांच्या सोबतीत काम खरंच चांगलं होतं का? याचं उत्तर ‘कुठलं काम?’ असं आहे. मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायोंक यांनी १९६५ मध्ये एक तोडगा मांडला: सवयीचं, हातात बसलेलं काम दुसऱ्यांच्या उपस्थितीत वेगाने होतं, नवं आणि अवघड काम बिघडतं. पुढे १९६९ मध्ये त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे चक्क झुरळांवर तपासलं. उजेडापासून सरळ वाटेने पळायचं असेल तर इतर झुरळं बघत असताना झुरळ जास्त वेगाने पळालं. वाट वळणाची केली, तर बघ्यांसमोर ते अडखळलं. (पावसाळ्यात आमच्या मोरीत हा प्रयोग रोज होतो, फक्त नोंद ठेवायला कुणी नसतं.)

मला याचा थेट उपयोग झाला. बिलं करणं, मुद्रितं तपासणं, ईमेल, ठरलेल्या साच्यातले सरकारी मजकूर हे सगळं मी पणजीला उरकते, कारण भोवती चार माणसं मान खाली घालून बसलेली असली की मोबाईल हातात घ्यायची लाज वाटते. कवितेचा अनुवाद मात्र घरीच, पहाटे. तिथे बघे नकोत.

गोंगाटाचंही असंच आहे. दोन माणसं समोरासमोर बोलत असली तर आपण थोड्या वेळाने ते ऐकेनासे होतो. पण एक जण फोनवर बोलत असला की आपलं डोकं नकळत पलीकडचं न ऐकू येणारं वाक्य जुळवत बसतं. अर्धं संभाषण पूर्ण संभाषणापेक्षा जास्त छळतं, हे २०१० मध्ये कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी प्रयोगातून दाखवलं. म्हणून फोनसाठी वेगळी खोली नसलेल्या जागेत, ती कितीही सुंदर असो, मी पैसे भरणार नाही.

ओळखी होतात म्हणजे नेमकं काय होतं?

जाहिरातींत याला ‘कम्युनिटी’ म्हणतात आणि फोटोत सगळे हसत पिझ्झा खात असतात. प्रत्यक्षात महिनोन्महिने आम्ही एकमेकांना ‘लाईट आली?’ आणि ‘चहा संपला’ एवढंच म्हणतो.

आणि तेवढंही पुरतं. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये एक चकवणारी गोष्ट दाखवली. ओळखीतून नोकरी मिळालेल्या लोकांना त्यांनी विचारलं, ज्याने सांगितलं तो माणूस तुम्हाला तेव्हा किती वेळा भेटायचा? नेहमी भेटणारे होते सुमारे १७ टक्के. अधूनमधून भेटणारे जवळजवळ ५६ टक्के, आणि क्वचित भेटणारे २८ टक्के. कारण उघड आहे: सख्ख्या मैत्रिणीला जे माहीत असतं ते बहुधा मलाही माहीत असतंच. अर्धवट ओळखीचा माणूस वेगळ्या पाण्यात पोहत असतो, त्यामुळे त्याच्याकडची बातमी नवी असते.

माझ्या बाबतीत ती बातमी प्रिंटरपाशी आली. नकाशे काढणाऱ्या मुलीचा कागद अडकला होता, तो मी चिमट्याने ओढून काढला. बोलता बोलता कळलं की तिच्या एका गिऱ्हाइकाला घराच्या वाटणीची जुनी मराठी कागदपत्रं इंग्रजीत करून हवी आहेत आणि पेडण्यापासून काणकोणपर्यंत त्याला कुणी सापडत नाहीये. ते काम मला मिळालं, त्यातून एका वकिलांची ओळख झाली, आणि आता वर्षाला अशी चार-पाच कामं येतात. वसरीवर बसून वर्तमानपत्रात जाहिरात दिली असती तर आली असती का? आली असती कदाचित. प्रिंटर बरा.

स्पर्धक शेजारी येऊन बसला तर? येतो कधी. अनुवादक, लेखापाल, वेबसाईट करणारे एकाच जागेत दोन-दोन असतात. माझा अनुभव असा की एकाकडे काम जास्त झालं की तो दुसऱ्याकडे सरकवतो. पण स्क्रीनवर काय आहे हे पाठीमागून दिसतं, फोनवरचं कानावर पडतं, हे विसरून चालत नाही. वकील, डॉक्टर, समुपदेशक यांची कामं मोकळ्या हॉलमध्ये होऊच नयेत. त्यांनी केबिन घ्यावी, नाहीतर घर बरं. बाकीच्यांनी स्क्रीनला प्रायव्हसी फिल्म लावावी आणि उठताना लॅपटॉप लॉक करावा. एवढंही न करणारे खूप आहेत.

कराचं काय? ‘खर्च दाखवता येतो’ म्हणतात

इथे बरेच जण फसतात.

को-वर्किंगच्या बिलावर १८ टक्के जीएसटी लागतो. तुमची स्वतःची जीएसटी नोंदणी असेल तर गिऱ्हाइकाकडून घेतलेल्या करातून तो वजा होतो. नसेल, तर तो सरळ तुमच्या खिशातून जातो. सेवा देणाऱ्यांसाठी गोव्यात नोंदणीची सर्वसाधारण मर्यादा वर्षाला २० लाखांची उलाढाल आहे, त्यामुळे नव्याने सुरुवात करणारे बहुतेक जण नोंदणीबाहेर असतात. म्हणजे पाच हजारांची मेंबरशिप त्यांना ५,९०० रुपयांना पडते. हिशेब करताना हाच आकडा धरायचा.

आयकरात आणखी एक मेख आहे. काही ठरावीक व्यावसायिकांना, म्हणजे वास्तुविशारद, अभियंते, लेखापाल, वकील वगैरेंना, एक सोपी योजना घेता येते: वर्षाची जमा ५० लाखांपर्यंत (रोखीचा वाटा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाखांपर्यंत) असेल तर निम्मी रक्कम उत्पन्न धरून कर भरायचा, खर्चाच्या पावत्या सांभाळायच्या नाहीत. सोय उत्तम. पण उरलेला निम्मा भाग सगळ्या खर्चांसाठी आधीच सोडलेला असतो. को-वर्किंगचं बिल त्यातच आलं. ते वेगळं दाखवून एक रुपयाही कर वाचत नाही. तेव्हा ‘कर वाचतो म्हणून घ्या’ असं कुणी सांगितलं, तर तुम्ही कुठल्या पद्धतीने विवरण भरता हे त्याने आधी विचारलं का, ते आठवा.

व्हर्च्युअल ऑफिसचा पत्ता जीएसटी नोंदणीला चालतो. मात्र करार, मालकाचं ना-हरकत पत्र आणि विजेचं बिल हे नीट हवं, आणि तपासणीला अधिकारी आला तर तिथे तुमचं नाव ओळखणारा माणूसही हवा. घर आईवडिलांच्या नावावर, त्यात हिस्सेदार सात, त्यातले दोन लिस्बनला, अशी आपल्याकडची नेहमीची स्थिती असेल तर घरच्या पत्त्याच्या सह्या गोळा करण्यापेक्षा हा मार्ग पुष्कळ सोपा पडतो.

आणि बांधाचा मालकच बुडाला तर?

खाजनाची उपमा इथे तुटते. तो बांध गावाचा होता, हा एका धंदेवाल्याचा आहे.

त्याचा धंदा समजायला भुसारी दुकान आठवा. तो पोत्याने घेतो आणि पावशेराने विकतो. मोठी जागा पाच-दहा वर्षांच्या कराराने घ्यायची आणि ती आम्हाला महिन्याच्या, दिवसाच्या तुकड्यांत विकायची. शिवाय २५ खुर्च्यांवर ४० सभासद घ्यायचे, कारण सगळे एकाच दिवशी येत नाहीत. यात लबाडी नाही. आमची वर्गणी परवडते ती यामुळेच. पण मंदी आली की आम्ही महिन्यात उठून जाऊ शकतो, त्याला मात्र पाच वर्षांचं भाडं भरायचंच असतं. २०१० मध्ये न्यूयॉर्कला सुरू झालेली वीवर्क ही कंपनी जगभर पसरली, २०१९ मध्ये तिला शेअर विक्री मागे घ्यावी लागली, आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये तिने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. लांब मुदतीचं भाडं हे तिच्या मानेवरचं मोठं ओझं होतं.

पणजीतल्या छोट्या जागांना हेच गणित लहान आकड्यांत लागू आहे. म्हणून वर्षाचे पैसे एकदम भरले तर दोन महिने फुकट, असल्या सवलतीकडे मी बघत नाही. महिन्याचे पैसे महिन्याला. अनामत किती आणि ती किती दिवसांत परत, हे करारात लिहून घ्यावं. आणि व्यवसायाची नोंदणी तिथल्या पत्त्यावर असेल, तर जागा बंद झाल्यास पत्ता बदलण्याची धावपळ तुमच्याच गळ्यात पडते, हे धरून चालावं.

फुकटात होत असेल तर?

होतं की. पणजीत पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालापासूनची परंपरा सांगतं, शांत आहे. मी सुरुवातीचे काही महिने तिथेच काढले. फोन आला की पायऱ्या उतरून बाहेर जायचं आणि व्हिडिओ कॉलचं नाव काढायचं नाही, एवढंच. कॅफेत तासाला एक कॉफी धरली तर महिन्याचा खर्च मेंबरशिपपेक्षा फार कमी होत नाही, आणि पित्त होतं ते वेगळं.

ज्यांना घरी दार बंद करता येतं, ज्यांच्या कामाला महिन्यातून दोनच कॉल लागतात, त्यांनी को-वर्किंगच्या वाटेला जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. डिचोलीहून येताजाताचे दोन-अडीच तासही मी हिशेबात धरते. म्हणूनच तीन दिवस. पाच दिवस केले असते तर बांधाच्या वर्गणीतच भात संपलं असतं. म्हापसा, फोंडा, डिचोलीसारख्या गावांत अशा छोट्या जागा झाल्या तर मात्र पणजीची मेंबरशिप मी दुसऱ्या दिवशी सोडीन.

हे सगळं मी काकीला सांगितलं, जरा तुटक तुटक, तुळशीच्या लग्नाला भेटली तेव्हा. तिने झुरळांचं तेवढं दोनदा सांगायला लावलं. मग हळूच म्हणाली, तिचा नातू कॉलेज संपवून घरीच काहीतरी व्हिडिओ कापण्याचं काम करतो, रात्रभर जागतो, दिवसा झोपतो, त्याला तिथे एक दिवस बसवून बघता येईल का. मी म्हटलं, डे-पास काढून देते. पण आता नको, पावसात पाठव. सोमवारी, अकराच्या सुमाराला, भरल्या हॉलमध्ये. त्या वेळी लाईट गेली तर उत्तमच.